पंख्यावरची लाल रेघ

आमच्या नातेवाइकांत मला इंजिनिअर म्हणतात. मी इंजिनिअर नाही. शेंद्र्याच्या एका कारखान्यात मी स्टोअर सांभाळतो. म्हणजे नट, बोल्ट, बेअरिंग, बुश यांतलं काय कुठल्या फडताळात आहे ते मला डोळे मिटून सांगता येतं. ते कशात बसतं आणि बसल्यावर काय करतं, असं कुणी विचारलं की मी चहा मागवतो. पण गावाकडं कारखान्यात जाणारा तो इंजिनिअर. सुरुवातीला मी 'तसं काही नाही हो' म्हणून पाहिलं, पुढं सोडून दिलं. लग्नाकार्यात पहिल्या पंगतीला बसवतात. कशाला नाही म्हणा?

या मोठेपणापायीच ती होडीची मोटार माझ्या गळ्यात आली.

माझी थोरली बहीण, आक्का, गंगापूर तालुक्यात दिलेली आहे, धरणाच्या फुगवट्याच्या काठी. धरण भरलेलं असलं की तिच्या शेताच्या बांधाला लाटा लागतात, आणि दुष्काळात तेच पाणी इतकं मागं सरतं की त्याच्या कडेपर्यंत जायचं तर सोबत भाकरी बांधून घ्यावी. पाणी सरेल तसे शेतकऱ्यांचे पंप त्याच्यामागं सरतात, पाइपाला पाइप जोडत. दाजींनी, म्हणजे आक्काच्या नवऱ्यानं, पंप आणि पाइप वाहायला पत्र्याची एक होडी करून घेतली होती. ती इतकी जड, की बांबूनं ढकलून ढकलून दाजींचे खांदे गेले. त्याच सुमारास आमच्या शहराजवळच्या एका तलावावरचं बोटिंग बंद पडलं. तलावच आटला होता. तिथलं सामान भंगारात निघालं, त्यात होडीच्या मागं अडकवायची एक जुनी मोटार मला दिसली.

"पाव्हणं, चांगली हाय ना?" दाजींनी फोनवर विचारलं.

मी मोटारीला दोन टिचक्या मारल्या, बाजारात कलिंगडाला मारतात तशा, आणि म्हणालो, "एकदम टकाटक."

नवल म्हणजे ती चालली. वर इंजिनाचं डोकं, खाली पाण्यात जाणारा लांब पाय, आणि पायाच्या टोकाला तीन पात्यांचा पंखा. पंखा पाणी मागं लोटायचा, होडी पुढं जायची. दोन वर्षं दाजी मला 'तुमची मोटार' म्हणून तिची खुशाली कळवत राहिले, जशी काही माझी लेक त्यांच्याकडं दिली आहे.

पण त्या घरात मोटारीवर खरा जीव जडला तो आबांचा. आबा म्हणजे आक्काचे सासरे. जन्मभर मेंढरांमागं हिंडलेले. दसरा झाला की कळप घेऊन निघायचं, आणि रोहिणी-मृगाच्या अदमासानं परतायचं, अशी त्यांची अर्धी हयात गेली. पुढं घरात शेती आली. ज्या माळांवर कळप बसायचे तिथं शहर येऊन बसलं. प्लॉट पाडल्याच्या खुणेचे पांढरे दगड दिसायला लागले. कळप आटत आटत एका पालाभोवती मावेल इतका उरला. तेवढा मात्र आबा सोडत नव्हते. दाजींनी एकदा 'बाजार दाखवू' असं नुसतं सुचवून पाहिलं, तर आबा दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. मेंढरांशी बोलत होते.

तर लोखंडाची वस्तू म्हणून आबांनी आयुष्यभर सांभाळली ती लोकर कातरायची कातर. काम झालं की ती पुसायची, करडीच्या तेलाचं बोट फिरवायचं, फडक्यात गुंडाळून ठेवायची. होडीची मोटारही लोखंडाचीच. संध्याकाळी होडी काठाला लागली की आबा मोटारीचा पाय पाण्याबाहेर उचलून आडवा करायचे आणि कोंबड्याच्या पिसानं पंख्याच्या बुडाशी, फटीफटीत तेच तेल सोडायचे. "दिसभर गार पान्यात असती बिचारी," ते म्हणायचे. "सांधं धरत्याल तिचं."

आम्ही सगळ्यांनी ते पाहिलं होतं. मी तर कौतुकानं फोटोही काढला होता.

मग ते वर्ष आलं. दुष्काळाचं सलग दुसरं. आमच्या शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं आणि शहर चहूकडं वाढत होतं. आमची कॉलनी त्या वाढीच्या पार शेंड्यावर. पत्त्यात 'च्या मागे' दोनदा येतं. नळ आठवड्यानं यायचा, तोही रुसलेल्या पाहुण्यासारखा, दाराशी थोडं खाकरून परत. नळाला येणारं पाणी त्याच धरणाचं, आक्काच्या काठचं. श्रावण लागला तरी आमच्याकडं आभाळ कोरडं, आणि वर घाटाकडं मात्र धो धो. एके दिवशी बातमी आली: वरची धरणं भरली, नदीला पाणी सोडलं, आपलं धरण चढायला लागलं. कॉलनीत आनंदाला उधाण आलं. टँकरवाल्याचा नंबर कुणीतरी समारंभपूर्वक मोबाइलमधून काढून टाकला. समोरच्यांनी पेढे आणले. मीही पेढ्याचा पुडा घेऊन दारोदार फिरत होतो, तेवढ्यात आक्काचा फोन आला.

"आरं, आबा पांढरीवर अडकले."

पांढरी म्हणजे धरणाखाली गेलेल्या जुन्या गावाची जागा. पाणी फार हटलं की घरांच्या मातीचा तो उंचवटा उघडा पडतो. त्या उन्हाळ्यात पडला होता, आणि भोवतीच्या ओल्या गाळावर कोवळं गवत उगवलं होतं. दुसरीकडं काडी नव्हती. आबांनी मेंढरं चालवत तिथं नेली, पाल ठोकलं आणि राहिले. आता पाणी आलं आणि पांढरीच्या चहूबाजूंनी फिरलं.

"पाणी किती आहे?" मी विचारलं.

"कमरेइतकंच हाय. पर खाली गाळ. माणूस मांडीइतका जातो, मेंढरू तर गेलंच समज. आन् पानी चढतंय. उंद्या सांजपस्तोर पांढरी ऱ्हात नाय बग."

"मग होडी?"

"तीच तर! तुझी मोटार नुस्ती वरडती. जाग्याची हालत नाय."

माझ्या हातात पेढे होते. मी त्यांच्याकडं पाहिलं आणि पुडा बंद केला.

बायको सोबत निघाली. मी म्हणालो, "तुला मोटारीतलं काय कळतं?"

"काही नाही," ती म्हणाली. "आणि तसं मला माहीत आहे. असं एक तरी माणूस तिथं पाहिजे."

गंगापूरपर्यंत एसटी, पुढं जीप, त्याच्या पुढं दाजींच्या मोटारसायकलवर तिघं. काठावर पोचलो तर जत्रेसारखी धावपळ. चढत्या पाण्यातून जो तो आपापला पंप ओढून काढत होता. कुणाला कुणाकडं बघायला सवड नव्हती. मासे धरणारांचे थर्माकोलचे तराफे होते, पण त्यावर एक माणूस कसाबसा बसतो. मेंढरू चढवलं तर दोघंही पाण्यात. होडीच्या मोटारीचा मिस्त्री पैठणला होता. तो फोनवर म्हणाला, परवा येतो. दाजींनी सकाळी बांबूनं होडी ढकलून पाहिली होती. बांबू गाळात रुतला तो रुतलाच, आणि समोरच्या वाऱ्यानं होडी परत काठाला आणून लावली.

लांब पाण्यात पांढरी दिसत होती. एक पाल, एक बाभळ, आणि भोवती दाटून उभी असलेली काळी-पांढरी मेंढरं.

"काल ती बाभळ कोरड्यावर व्हती," दाजी म्हणाले. "आता बगा."

बाभळीचा बुंधा पाण्यात होता.

"आबांना तरी तराफ्यावरून आणायचं," मी म्हणालो.

आक्कानं माझ्याकडं असं पाहिलं की मी लहानपणी पाटी फोडून घरी आलो होतो तो दिवस आठवला. "गेला व्हता एक जण आणायला. म्हन्ले, आधी मेंढरं. मी सगळ्यात श्येवटी. पुन्ना नगं इचारू."

म्हणजे मोटार चालू होणं हाच एक रस्ता. आणि सगळे माझ्याकडं बघायला लागले. इंजिनिअर!

मी पँट दुमडली. पँट दुमडताना माणूस जाणकार वाटतो. दाजींनी दोरी ओढून मोटार चालू केली, गियर टाकला. होडी हलली, सावकाश पुढं निघाली. मी विजयानं मागं पाहिलं. मग दाजींनी रेस वाढवली, तशी मोटार एकदम किंचाळली, अंगात आल्यासारखी, आणि होडी मात्र पुढं जायच्या ऐवजी सुस्तावली. रेस कमी केली की किंचाळणं बंद. वाढवली की पुन्हा तेच.

"मला वाटतं, हवा धरतीय," दाजी म्हणाले. फुगवट्याच्या काठी प्रत्येक आजाराचं पहिलं निदान हेच. पंप पाणी उचलेना, तर हवा धरली. पण इथं ते अगदीच चुकीचं नव्हतं. पंखा पाण्याच्या वरच्या थरात असला आणि त्यात हवा ओढली गेली, तर तो नुसता फेस करतो. मग दाजी मागं बसले, त्यांच्यामागं मी बसलो, आमच्या वजनानं होडीचं ढुंगण पाण्यात दबलं आणि पंखा चांगला खोल गेला. रेस दिली. किंचाळी तीच. पाण्यावर फेसही नाही.

"हवा न्हाई," दाजी म्हणाले.

"नाही," मी गंभीरपणे दुजोरा दिला. तेवढं मला जमत होतं.

मग मोटारीचा पाय वर घेतला. पंख्यात जाळं अडकलंय का, गवत गुंडाळलंय का? आक्कानं पदर खोचून हात घातला आणि खताच्या पोत्याची दोरी बाहेर काढली, हातभर. आम्ही सगळे हरखलो. दोरी काठावर विंचू टाकावा तशी लांब फेकून दिली. पुन्हा चालू केलं. पुन्हा किंचाळी. पाती बघितली, कडा दगडावर घासून बोथटल्या होत्या, पण वाकलं एकही नव्हतं.

मग मी मोटार बंद करून, गियर टाकून, पंखा दोन्ही हातांनी धरला आणि सगळ्या ताकदीनं फिरवायला गेलो. तो ढिम्म हलला नाही.

"पंखा पक्का आहे," मी जाहीर केलं. "गडबड आत, गियरमध्ये."

हे मी का म्हणालो? आत म्हटलं की उघडावं लागतं, आणि उघडायला आपल्याकडं काही नसतं, मग कुणी आपल्याला दोष देत नाही. कारखान्यात हे वाक्य मी खूप वेळा ऐकलं आहे. पण दाजींचा चेहरा पडला. ते पांढरीकडं बघत राहिले. गियर म्हणजे परवा येणारा मिस्त्री, आणि परवापर्यंत पांढरी नव्हती.

बायको इतका वेळ एका दगडावर बसून ऐकत होती. ती म्हणाली, "गियर सुटायला लागला की आपली स्कूटर कशी करायची? खाडखाड, धक्के देत. ही तर धक्के देत नाही. गुळगुळीत ओरडते."

दाजींनी मान वर केली. "व्हय की. खडखड न्हाई."

"हळू चालवली की ओढते, जोर दिला की सुटते," बायको म्हणाली. "आमच्या गिरणीवाल्याचा पट्टा सैल झाला की असंच करतो. शेरभर दळण चालतं, पायली टाकली की चाक फिरत राहतं आणि जातं मात्र थांबतं."

मोटारीत पट्टा नव्हता. पण फडताळ क्रमांक आठवावा तसं मला एकदम आठवलं: आमच्या स्टोअरात असे रबराचे बुश येतात, आतून पितळेची नळी, बाहेरून लोखंडी कडं, मधे रबर. ते कशाला लागतात हे एकदा एका फिटरनं मला बळेच सांगितलं होतं. दगडाबिगडाला धडक बसली तर आतलं यंत्र मोडू नये म्हणून मधे रबर. धक्का रबर खातं.

"दाजी, पंखा दांड्यावर थेट बसवलेला नसतो," मी म्हणालो, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं की मी बोलतोय ते खरं असावं. "मधे रबर असतं. रबर सुटलं असेल तर दांडा फिरतो आणि पंखा मागं राहतो."

"पर तुम्ही हातानं फिरवला तवा तर हालला न्हाई."

"माझ्या हाताचा जोर किती?" हे मी स्वतःहून म्हणालो. सगळ्यांनी पटकन मान डोलावली, जरा जास्तच पटकन.

पण खरं खोटं करायचं कसं? पाण्याखाली काय फिरतं आणि काय राहतं हे दिसणार कुणाला?

ते सांगितलं आक्कानं. आमच्या आईची एक रीत होती. लोणच्याची बरणी भरली की झाकण घट्ट लावायचं आणि झाकणावरून खाली बरणीवर कोळशाची एक सरळ रेघ ओढायची. कुणी बरणी उघडून परत लावली की झाकणावरची रेघ इकडं आणि बरणीवरची तिकडं. चोर पकडला जायचा. बहुतेक वेळा तो मी असायचो.

"तशी रेघ वढा की," आक्का म्हणाली. "दांड्यावर आन् पंख्यावर मिळून एक."

कोळसा पाण्यात टिकला नसता, कुंकूही नाही. बायकोनं पर्स उघडली आणि गुलमंडीच्या बाजारातून भाचीच्या लग्नासाठी घेतलेलं लाल नेलपॉलिश काढलं. पंख्याच्या मधोमध दांड्याच्या टोकावर एक नट असतो, पिन घालून पक्का केलेला. दांडा फिरला की तोही फिरतो. बायकोनं त्या नटावरून पंख्याच्या बुडख्यापर्यंत, फडक्यानं पुसून, नवरीच्या नखाला लावावी तशी नीट रेघ ओढली. आम्ही फुंकर घालून वाळवली. चार मोठी माणसं मोटारीच्या बुडाशी वाकून फुंकर घालताहेत हे पंप ओढणाऱ्या एकानं पाहिलं आणि तो बिचारा लांबूनच गेला.

मोटार चालू. गियर. रेस. किंचाळी. बंद. पाय वर.

नटावरची रेघ वर होती आणि पंख्यावरची खाली डाव्या अंगाला.

"सापडला चोर!" आक्का ओरडली. दाजींनी माझ्या पाठीत अशी थाप मारली की माझा चष्मा गळ्यात आला.

आणि मग दाजी वाकले, पंख्याच्या बुडाशी बोट फिरवलं, बोट नाकाशी नेलं, आणि आक्काकडं पाहिलं. आक्कानंही बोट फिरवून वास घेतला. फटीतून डोकावणारं रबर मऊ, फुगलेलं, काळं तुळतुळीत झालं होतं. वास करडीच्या तेलाचा होता.

लांब पांढरीवर आबा पालाबाहेर येऊन उभे राहिले होते, हात कपाळाला लावून.

"आता?" दाजी म्हणाले.

आता काय? नवं रबर बसवायचं तर शहर गाठायला हवं होतं. पण आक्का अजून रेघेकडंच बघत होती. "हळू चालवली तवा तर होडी चालत व्हती. तवाबी निसटतं का, ते बगा की."

जुनी रेघ नखानं खरवडली, नवी ओढली, पुन्हा फुंकर. या खेपेला दाजींनी रेस अगदी थोडी दिली, बैल दमला असताना देतात तेवढी. होडी रांगत गेली, रांगत आली. पाय वर घेतला. रेघ अख्खी होती. मग कणभर रेस वाढवून पाहिलं. अख्खी. अजून वाढवली, तर मोटारीचा आवाज पातळ व्हायला लागला आणि रेघ किंचित तुटली. त्याच्या केसभर अलीकडं दाजींनी रेसच्या मुठीवर नेलपॉलिशचा एक ठिपका लावला, आणि बायकोनं रेघ नव्यानं ओढली. या ठिपक्याच्या अलीकडं रबर धरून राहायचं, पलीकडं घसरायचं.

"थोडी मेंढरं, थोडी रेस, खेपा जास्त," दाजी म्हणाले. "चला."

मी, दाजी आणि ती मोटार असे पांढरीला निघालो. चालत गेलो असतो तर लवकर पोचलो असतो, इतके हळू. वारा तोंडावर. ठिपक्यापर्यंत रेस दिली की होडी वाऱ्याला जेमतेम भारी पडायची. दाजींचा हात मुठीवर होता आणि डोळे पांढरीवर, पाणी बघून तो हात आपोआप पिळायला जायचा, मग मी म्हणायचो, "ठिपका, दाजी." ते म्हणायचे, "दिसतोय." माझं इंजिनिअरिंग त्या दिवशी तेवढंच होतं, पण मी ते मन लावून केलं.

आबा कमरेवर हात ठेवून उभे होते. पाल गुंडाळून तयार. पाणी त्यांच्या चुलीच्या दगडांपर्यंत आलं होतं.

"काय रं, मोटार कामून बोंबलत व्हती सकाळपासनं? मला हितवर ऐकू येत व्हतं," ते म्हणाले. "तेल घातलं नाय ना कुनी? मी हितं, तुमाला कोन सांगनार."

दाजी होडी बांधायला वाकले. त्यांना दोरीची गाठ एकाएकी फार अवघड जायला लागली. मला समजावून सांगण्याची भारी हौस. तोंड उघडलंही होतं. पण आबांच्या मागं ती मेंढरं दाटून उभी होती, आणि आबांचा एक हात सारखा मागं जाऊन कुठल्या ना कुठल्या पाठीवर पडत होता, मोजत असावा तसा. मी तोंड मिटलं.

"वय झालंय तिचं, आबा," मी म्हणालो. "हळू चालवायची."

"मंग मी काय सांगतोय दोन वर्सं? ह्यो ऐकतो का?" आबा लेकाकडं बोट करून म्हणाले. लेक अजून गाठीतच होता.

मेंढरू होडीत चढत नाही. ते चढवावं लागतं. आणि पहिलं मेंढरू चढलं की बाकीची सगळी एकदम चढू बघतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आबांनी म्होरक्या एडका उचलून होडीत ठेवला, तसा अख्खा कळप माझ्या अंगावर आला. मी गुडघ्यापर्यंत गाळात, पोटाशी एक कोकरू, पाठीवर कुणाचे तरी दोन पाय. "पाव्हणं, उबं ऱ्हा नीट," आबा ओरडले, "मेंढरं बिचकत्यात!" मी बिचकलेलो कुणाला दिसत नव्हतं.

एडक्याला काठावर नेऊन आक्काच्या हवाली केलं. तो तिथून ओरडायचा, आणि इकडची मेंढरं त्या आवाजाकडं तोंड करून गप उभी राहायची. म्हणून पुढच्या खेपा सोप्या गेल्या. होडी जायची, यायची. काठावर बायको दर खेपेला पंख्याचा पाय वर घ्यायला लावून रेघ तपासायची, लोणच्याच्या बरणीवरून आईचं जसं लक्ष असायचं तसं. "अख्खी आहे, जा," म्हणायची. उन्हं कलली. पांढरीचा उंचवटा आक्रसत ओट्याएवढा झाला.

शेवटच्या खेपेला दोन म्हाताऱ्या मेंढ्या, पालाचं गाठोडं आणि आबा. पांढरीवर मागं चुलीचे तीन दगड राहिले. आबांनी ते घ्यायचे का विचारलं; दाजी नाही म्हणाले. आबा मोटारीजवळ बसले. निम्म्या पाण्यात आल्यावर त्यांचं लक्ष मुठीवरच्या लाल ठिपक्याकडं गेलं.

"ह्ये काय?"

"इथपर्यंतच रेस द्यायची, म्हणून खूण," मी म्हणालो. "पुढं दिली की पंख्यातलं रबर घसरतं."

"रबर हाय का त्यात?"

"आहे."

आबा मेंढीच्या कानात बोटं फिरवत होते. मग हळूच म्हणाले, "रबराला तेल चालत नसंल."

मोटार मंद गुरगुरत होती. दाजींनी समोर नजर लावली होती, मान ताठ. बाप आणि लेक एकमेकांकडं बघत नव्हते, आणि मधे मी, आणि एक मेंढी माझ्या बाहीचं बटण खात होती.

"रबराचं वय झालं होतं, आबा," मी म्हणालो. "भंगारातलं होतं. मीच आणलेलं."

"वय माझंबी झालंय," आबा म्हणाले. "मी घसरलो का?" आणि ते दाखवायला उठून उभे राहिले. ओल्या पत्र्यावर पाय सरकला आणि आबा गाठोड्यावर बसते झाले, मांडीवर मेंढी. पहिल्यांदा दाजी हसले. मग आबा, तोंडातल्या उरल्या दातांसकट. होडी इतकी हलली की मी दोन्ही कडा धरून "ठिपका! ठिपका!" ओरडत होतो आणि मलाच हसू आवरत नव्हतं.

काठावर मेंढरांनी आबांभोवती गराडा घातला. आक्कानं त्यांच्या हातात चहा दिला. तो निवेपर्यंत ते एकेका मेंढराच्या पाठीवर हात टाकत राहिले. सगळी होती.

आम्ही घरी आलो तेव्हा कॉलनीत नळ आला होता, चांगला बोटभर धारेनं. बायकोनं बादली लावली आणि तोटी निम्मीच उघडली.

पुढं मी पंखा शहरात आणून एका रबरकाम करणाऱ्याकडून नवा बुश बसवून नेला. आबा पीस घेऊन तयारच होते, पण पंख्याजवळ आले आणि थांबले. पीस हातातच. मला ते बघवेना. आक्कानंच मग त्यांना होडीला मोटार अडकवायचे दोन स्क्रू दाखवले. "आबा, हे लई कुरकुरत्यात. हितं घाला तेल." आबांनी स्क्रू फिरवून पाहिले, कान लावून ऐकलं, आणि म्हणाले, "व्हय. हितं पाहिजेच."

तेव्हापासून रोज संध्याकाळी तिथं तेल पडतं. ते स्क्रू आता इतके मोकळे झालेत, की होडी जरा हादरली की आपोआप सैल होतात. मोटार एकदा पाण्यात जाता जाता राहिली. दाजींनी तिला एक जाड दोरी बांधून टाकलीय, होडीच्या कडीला. आबांनी विचारलं होतं, ही दोरी कशाला. दाजी म्हणाले, चोरांचं भ्या.